सदूची हिरवळ आणि आडाचं पाणी

सदू, तू गेल्याला महिना होत आला आणि तुझ्या हिरवळीला मी अजून पाणी घालतेय. कंबर धरलीय. रहाटाचा दोर ओढून तळहाताची सालं निघालीत. आडातलं पाणी इतकं खाली गेलंय की पोहरा तळाला लागतो आणि गाळ घेऊन वर येतो. तरी घालतेय. का, ते मला विचारू नकोस, तूच जाताना हे माझ्यामागं लावून गेलास.

शेवटच्या दिवसांत माणसं देवाचं नाव घेतात, कुणाला भेटायचं राहिलं ते सांगतात. तू तापानं फणफणलेला, छातीत घरघर, आणि माझा हात धरून काय म्हणालास, तर, "आक्का, पानी तोडू नगंस. पाऊस लागूस्तवर तरी." मी तुझी चादर नीट केली आणि काढा आणायला आत गेले. होही म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी तुला शुद्ध नव्हती. उत्तर माझ्याकडंच राहिलं. गेला महिनाभर ते घागरीबरोबर वाहतेय आणि आता थकले, म्हणून आज ते लिहायला बसले. अक्षरं तूच शिकवलीस, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर दोष तुझा.

निपाणीत घरापुढं हिरवळ करायची हे खूळ तुझ्याशिवाय कुणाच्या डोक्यात आलं असतं? इथं मोकळ्या अंगणात तंबाखूचे बोद, ते गोणपाटात बांधलेले गठ्ठे, उतरवतात, गोवऱ्या थापतात, मिरच्या वाळत घालतात. तू बेळगाव सोडून वखारीत दिवाणजी म्हणून आलास, शेठजींनी वखारीमागचं हे दोन खोल्यांचं घर राहायला दिलं, आणि घरापेक्षा पुढचं अंगण मोठं निघालं. मी तुझ्या मागोमाग कंग्राळीहून आले. नवरा गेल्यावर कडोलीच्या सासरी मला जागा नव्हती, आणि कंग्राळीच्या माहेरी जागा होती पण भावजया बोलत नव्हत्या. तुझी बायको पहिल्या बाळंतपणात गेलेली आणि दुसरं लग्न नको म्हणून तू अडून बसलेला. दोघा उरलेल्यांचं एक घर झालं. मला वाटलं, आता अंगणात चार वांगी लावू, कोथिंबीर लावू, एक दोडक्याचा वेल चढवू.

"न्हाय आक्का," तू म्हणालास, "हितं गवत लावायचं."

"गवत लावत्यात व्हय रं कुणी? गवत काढत्यात."

मग तुझं कॅम्पपुराण सुरू झालं. बेळगावच्या कॅम्पात तू गोऱ्या पलटणीच्या एका मेसच्या बागेवर कारकून होतास. माळ्यांची हजेरी, खताच्या गाड्या, बियांच्या पेट्या, सगळं तुझ्याकडं. तिथल्या हिरवळीबद्दल बोलायला लागलास की ताटातलं निवून जायचं. साहेबाच्या देशातलं बी आगबोटीनं यायचं, पावसाळ्यात छान उगवायचं आणि चैत्र आला की करपून भुईसपाट व्हायचं. दरवर्षी नवं बी, दरवर्षी तीच रड. शेवटी मेसनं आपली हरळी लावली, तेव्हा कुठं उन्हाळ्यात हिरवं राहिलं. "आक्का, ह्या उन्हाला टिकणारं गवत आपल्या बांधावर हाय, आन् आपुन ते उपटून टाकतो," हे तू इतक्यांदा सांगितलंस की मी तोंडातल्या तोंडात तुझ्याबरोबर म्हणायची.

पहिला उन्हाळा तू माती खणण्यात घालवलास. वखारीतून आलास की कुदळ. हातभर खोल खणून लव्हाळ्याची गाठ न् गाठ वेचलीस, कारण एक राहिली तरी ती सगळ्यात शिरते म्हणून. जुनं शेणखत चाळून घातलंस, नदीची वाळू मिसळलीस, फळी फिरवून उतार काढलास. मला वाटायचं, एवढ्या कष्टात ज्वारी आली असती. पाऊस लागल्यावर इथल्याच शिवारातल्या बांधावरून पोतंभर हरळी आणलीस. तिथं लोकांनी ती हसत हसत भरून दिली, वर म्हणाले, आणखी पायजे तर सगळं रान घिऊन जा. तिचे तुकडे करून तू वीतभर अंतरावर एकेक दाबत गेलास. दसऱ्यापर्यंत जमीन दिसेनाशी झाली. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. वाऱ्याबरोबर वखारीतली तंबाखूची धूळ अंगणात यायची ती तिथंच बसायला लागली, आणि घरात शिंका कमी झाल्या.

आणि आबा आले ते आठवतंय? पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीला आपले आबा कंग्राळीहून लेकाचा संसार बघायला आले. तू वखारीत, मी बाजारात. म्हातारा पायरीवर एकटा बसला. समोर अंगणभर हरळी. जन्मभर ज्या हातांनी हरळी काढली ते हात गप्प कसे राहतील? दाराआड खुरपं होतंच. मी भाजी घेऊन आले तर भिंतीकडची एक अख्खी पट्टी नांगरल्यासारखी काळी केलेली, आणि मुळ्या झाडून उन्हात ढीग घातलेला, वाळून मराव्यात म्हणून. कपाळाचा घाम पुसत समाधानानं बसले होते. मी काही बोलणार तोवर तू दारात.

"सदू, रान लई माजलं हुतं रं," आबा म्हणाले. "आक्काचं ध्यान न्हाय वाटतं. येवढं आज केलं. ऱ्हायल्यालं उद्या काढतो."

तू माझ्याकडं बघितलंस. मी पदर तोंडात धरून उभी होते. तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण तू एवढंच म्हणालास, "आबा, हात धुवा, जेवाय बसू." उन्हातल्या ढिगावर मात्र जाता जाता ओलं पोतं टाकलंस. जेवताना, मान खाली घालून, एकदाचं सांगितलंस, "आबा, ती मी लावल्याली हाय."

आबांचा घास हातातच राहिला. "लावल्याली? हरळी?"

"व्हय."

"माझ्या बानं तिला काढता काढता पाठ वाकवली. माझी वाकली. आन् तू तिला पानी घालतुयास?"

ते रागावले नाहीत, घाबरले. जेवण झाल्यावर मला आडापाशी गाठून हळूच विचारलं, "आक्का, ह्याला कुनी काय केलंय का गं? देवाला इचारूया का?" मला हसू आवरेना आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. सकाळी मात्र तू उठायच्या आधी म्हातारा पट्टीत बसलेला. पोत्याखालचे तुकडे एकेक करून परत दाबत होता, आणि तुझ्यापेक्षा सरळ ओळीत. मला म्हणाले, कंग्राळीत कुनाला सांगू नगंस. गाडीत बसायच्या आधी त्यांनी पाय धुतले, धोतराचा काठ झाडला, वहाणांचे तळवे काडीनं कोरून काढले. एक काडीही आपल्या रानात जाऊ नये म्हणून. पुढं सगळ्या अंगणात तीच पट्टी दाट झाली आणि तू येईल जाईल त्याला ती आबांची म्हणून दाखवायचास.

आपलं भांडण जे होतं ते पाण्याचं. मी म्हणायची, तुळशीला घालतात तसं रोज संध्याकाळी थोडं थोडं शिंपडावं. तू म्हणायचास, शिंपडलं की मुळं पाण्याच्या आशेनं वर येतात आणि उन्हानं भाजतात. सूर्य उगवायच्या आत घालायचं, खोल मुरेल इतकं घालायचं, आणि मग त्या जागेला पुढची पाळी येईतो विसरायचं. अंगणाच्या तू पट्ट्या पाडल्यास. रोज एका पट्टीनं पोटभर प्यायचं, बाकीच्यांनी थांबायचं. उन्हाळ्यात कापायचं नाही, कापलंच तर वर वर. कॅम्पातल्या लिलावातून आणलेलं ते कापायचं यंत्र चैत्र लागला की तेल लावून माळ्यावर जायचं. "उन्हाचं कुनी डोकं भादरून घेतंय व्हय?" असं म्हणायचास. मी म्हणायची, वैशाखात सोडून दे की तिला. पिवळी पडंल, निजंल, पावसात उठंल. बांधावर तिला कोण पाणी घालतंय? तू म्हणायचास, बांधावरची उठते कारण तिची मुळं बापजाद्यांपासून खाली गेलीत, ह्या अंगणातलीचा भरवसा मी देणार नाही. कोण खरं ते आपल्याला कधी कळलंच नाही. तू एकही उन्हाळा तिला निजू दिलं नाहीस.

तुझ्या छातीत खोकला बसेपर्यंत पाणी तूच ओढायचास, हे कबूल. नंतर दोर माझ्या हातात आला. वखारीतली धूळ तुझ्या छातीत गेली आणि आडाचं पाणी माझ्या कंबरेत. हे मी तुला तोंडावरही ऐकवलंय, तेव्हा मेलेल्या माणसाला बोलते म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस.

लढाईच्या दिवसांत तर आपण दोघंही हट्टाला पेटलो होतो. रेशनचा जोंधळा किडका, भाजी मिळेल तर मिळेल, आणि दारात हे हिरवंगार गवत. मी म्हटलं, खणून टाक. तू म्हणालास, आधी मला खण. मग एक दिवस मीच कुदळ घेतली आणि आडाकडची एक पट्टी उकरून मेथी टाकली. तू आलास, बघितलंस, आत गेलास, आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीस. मेथी झाली तेव्हा भाकरीबरोबर पुढ्यात वाढली. तू सगळी खाल्लीस, पुन्हा वाढून घेतलीस, आणि हात धुताना म्हणालास, "कडू हाय." दर खेपेला हेच. ती पट्टी तू परत मागितली नाहीस. मीही कधी म्हटलं नाही की तुझी परवानगी नव्हती तरी तू ती राहू दिलीस हे मला कळलं होतं. आता म्हणते.

संध्याकाळी वखारीतून सुटलेल्या बायका यायच्या. दिवसभर तंबाखू निवडून डोळे लाल, नाकातून पाणी, केसांत भुकटी. आपली शेजारीण गौरा पहिल्यांदा बिचकत आली, काठावर टेकली. तू म्हणालास, "वहाणा काढून आत या की, गवत हाय ते, चावत न्हाय." मग रोज पाचसहा जणी पाय पसरून बसायच्या, पदर झाडायच्या, घरी जायच्या आधी थोडा श्वास घ्यायच्या. शेठजींना ते आवडलं नाही, त्यांनी तुला सुनावलंही. तू ऐकून घेतलंस आणि काही बदललं नाहीस.

पण तू स्वतः कधी बसलास त्या हिरवळीवर? मी पुष्कळ आठवून बघितलं. नाही बसलास. काठाच्या फरशीवर उभा राहायचास, हात मागं बांधून. मी एकदा विचारलं तर म्हणालास, सवय न्हाय. कॅम्पात कारकुनानं हिरवळीवर पाय ठेवायचा नसे, कडेच्या मुरमावरून चालायचं, एवढं तू कधीतरी सांगितलं होतंस, तेही हसत. तिथं सुरू झालेलं ते उभं राहणं तू इथं आपल्या दारातही मोडलं नाहीस. मला तेव्हा नुसताच राग आला होता. आता वाटतं, हाताला धरून खाली बसवायला हवं होतं तुला. थोरली बहीण होते, चाललं असतं.

मग त्या सकाळी तुला बाहेर आणलं. कंग्राळीचे भाऊबंद अजून पोचायचे होते, शेजारच्या बाप्यांनीच सगळं हातात घेतलं. तीन दगड मांडून अंघोळीचं पाणी तापवायला ठेवलं, ते नेमकं आबांच्या पट्टीवर. मी "तिथं नको" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुणाला सांगू, आणि कुणासाठी? बांबू तिथंच टाकले, सुतळी तिथंच ओढली, वहाणांसकट सगळा गाव गवतावर. आणि मधोमध तू, पाटावरून घसरून एक हात गवतात गेलेला. अंघोळ घातली ते सगळं पाणी हिरवळीतच मुरलं. दोर माझ्याकडं आल्यापासून आडाचं तेवढं एकच पाणी तिला माझ्या हातून गेलं नाही. तुला नेल्यावर बायका मला आत ओढत होत्या आणि मी चुलीनं जळलेल्या त्या वर्तुळाकडं बघत होते. रडू आलं नाही. बायकांना ते दिसलं. आक्काचं काळीज दगडाचं, असं कुणीतरी म्हणालंही.

दिवसकार्य झालं, माणसं पांगली. मी मात्र तुला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच पहाटे दोर घेऊन आडावर. आज ही पट्टी, उद्या ती. घर वखारीचं आहे, पावसाआधी सोडायचं आहे, नवे दिवाणजी येणार आहेत. ते परवा जागा बघून गेले. चांगले गृहस्थ वाटले. म्हणाले, पुढं पत्र्याची शेड घातली तर बोद ठेवायला सोय होईल. मी म्हटलं, होईल की. मला न्यायला कंग्राळीहून गाडी येणार आहे. तुझी पितळी, तुझा कोट, ते कापायचं यंत्रसुद्धा मला नेता येईल. ह्या गवताचा एक तुकडाही नेता येणार नाही. आपल्या रानात मी हरळी घेऊन गेले तर भावजया मला दारात उभंही करणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल. म्हणजे ज्याला मी पाणी घालतेय ते पावसानंतर शेडखाली जाणार आहे. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

गल्लीतला मोठा आड आटला, तशी गौरा घागर घेऊन आपल्याकडं यायला लागली. काल मी पट्टीवर पाणी ओतत होते आणि ती दारात उभी. "आक्का, दोन घागरी घिऊ का गं? पोरास्नी प्यायला न्हाय." ओल्या गवताकडं तिनं एकदाच बघितलं आणि नजर काढून घेतली. ह्याच गवतावर ती किती संध्याकाळी बसली होती. मी तिच्यासाठी पोहरा सोडला तर अर्धा गाळ आला. तू असतास तर म्हणाला असतास, गौराला बी दे आन् गवताला बी घाल. म्हणायला तू, ओढायला मी.

आज पहाटे जे काय निवळ पाणी मिळालं ते तिच्या घागरीत ओतलं, एक कळशी घरात ठेवली, आणि दोर गुंडाळून खुंटीला अडकवला. पट्टी कोरडी राहिली. हे माझं उत्तर, सदू. नाही. पाऊस लागेपर्यंत मला जमणार नाही. तू विचारलंस तेव्हाच मला ते माहीत होतं, पण मरणाऱ्या भावाला नाही म्हणायला जीभ वळली नाही आणि खोटं हो म्हणायला तू मला शिकवलं नाहीस. रागाव हवं तर. आठवडाभर बोलू नकोस.

दिवसभर मला वाटत होतं की आता हलकं वाटेल. कंबर टेकून पडले, झोप लागली नाही. ऊन कलल्यावर उठून चूल पेटवली आणि नेहमीच्या जागी बसले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय करत होते ते. वखारीतून आलास की पायरीवर वहाणा काढायच्या आधी तू विचारायचास, "आक्का, पानी झालं?" पट्टी ओली समोर दिसत असायची, तरी विचारायचास, आणि मी आतून "व्हय" म्हणायची. हा महिनाभर रोज पाणी घालून दिवेलागणीला मी चुलीपाशी ते "व्हय" तयार ठेवून बसत होते. उशीर झाला की वाटायचं, आज वखारीत काम निघालं असेल. आज "न्हाय" तयार ठेवून बसले. काय काय बोलायचं तेही ठरवलं होतं, गौराचं, गाळाचं, माझ्या हाताचं. वखार सुटली, बायका बोलत बोलत पुढं गेल्या, अंधार पडला. कुणी विचारलं नाही. सदू, तू गेलास हे मला आज कळलं, आणि मग मी रडले.